पोटाचे जुने दुखणे : नशीब, स्वभाव की जंतू?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाला आम्ही दोन शब्द बोलावेत, अशी समितीची सूचना आली. आम्ही काही डॉक्टर नाही. आम्ही सूतगिरणीत तीन पाळ्यांत राबणारे कामगार. शाळा लवकर सुटली, पण वाचनाचा नाद सुटला नाही. वाचून जे कळले आणि डॉक्टर मंडळींना विचारून जे पक्के केले, तेवढेच आज आपल्या भाषेत सांगणार आहोत. भाषणात औषधांची नावे येतील. ती ऐकून कुणी उठून औषधाच्या दुकानात जाऊ नये, ही विनंती सुरुवातीलाच करून ठेवतो.

विषय आहे पोटाचा. आपल्या वस्तीत असे घर शोधूनही सापडायचे नाही, की जिथे कुणाला पोटाचा त्रास नाही. कुणाला सकाळी उठल्याबरोबर मळमळते. कुणाच्या छातीखाली, बेंबीच्या वर, जळजळ होते. कुणाला करपट ढेकरा येतात, दोन घास खाल्ले की पोट गच्च होते. आणि हे आज-उद्याचे नसते. पाच वर्षे, दहा वर्षे, काहींचे तर लग्नाच्या आधीपासूनचे. यावर आपण काय करतो? थंड दूध पितो. खायचा सोडा घेतो. ओवा चावतो. फारच झाले तर दुकानातून पित्ताची गोळी आणतो. गोळीने दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग गोळी रोजचीच होते. घरात मिठाची पुडी संपली तर एक वेळ चालेल, पण पित्ताची गोळी संपून चालत नाही. आमच्या माता-भगिनी तर तेवढेही करत नाहीत. त्या सगळे अंगावर काढतात. सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खायचे आणि पोटाला हात लावून कामाला लागायचे.

बरं, दुखणाऱ्याला लोक काय म्हणतात? ‘तो तापट आहे, म्हणून त्याचे पित्त खवळते.’ ‘ठेचा-भाकर खातो, मग दुसरे काय होणार?’ ‘फार टेन्शन घेतो.’ म्हणजे पोट दुखते ज्याचे, दोषही त्याचाच. त्याचा स्वभाव वाईट, त्याचे खाणे वाईट, नाहीतर नशीब वाईट. आज आम्हाला एवढेच सांगायचे आहे, की बऱ्याच जणांच्या बाबतीत हा दोष स्वभावाचाही नाही आणि नशिबाचाही नाही. तो एका जंतूचा आहे. तो जंतू तपासता येतो आणि औषधाने मारता येतो. हे सिद्ध होऊन चाळीस वर्षे झाली, पण आपल्या वस्तीपर्यंत ते अजून पुरते पोचलेले नाही.

आधी जठर म्हणजे काय ते पाहू. आपण खाल्लेले अन्न ज्या पिशवीत जाते ती पिशवी म्हणजे जठर. अन्न पचवण्यासाठी आणि अन्नातले जंतू मारण्यासाठी जठर आम्ल तयार करते. हे आम्ल इतके तीव्र असते, की खुद्द जठरालाच ते खाऊन टाकेल. म्हणून जठराच्या आतल्या बाजूला बुळबुळीत पदार्थाचा एक थर असतो. आपण त्याला अस्तर म्हणू. या अस्तराखालच्या त्वचेला सूज आली, ती लालसर झाली, की डॉक्टर त्याला गॅस्ट्रायटिस म्हणतात. मराठीत जठराचा दाह. तो महिनोन् महिने, वर्षानुवर्षे टिकला, की जुनाट दाह. त्यात पुढे जखम झाली की तिला अल्सर म्हणतात. ही जखम जठरात होते, तशीच जठराच्या पुढे लहान आतड्याच्या तोंडाशीही होते.

आता गंमत ऐका. जठराला दाह का होतो, जखम का होते, याचे उत्तर जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांकडे तयार होते. १९१० साली युरोपातल्या एका डॉक्टरांनी सूत्र मांडले, की आम्ल नाही तर अल्सर नाही. ते सूत्र पाऊणशे वर्षे चालले. आम्ल वाढते ते चिंतेने, तिखटाने, विडी-दारूने, असे पुस्तकांत छापले गेले. रोग्याला दूध-साय द्या, विश्रांती द्या, नाही भागले तर पोट फाडून जठराचा तुकडा काढा. १९७० नंतरच्या दहा वर्षांत आम्ल कमी करणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या. त्यांनी आराम पडे, पण गोळी थांबवली की पुष्कळांचा अल्सर पुन्हा उपटे. गोळ्यांचा खप मात्र जगभर प्रचंड झाला.

असे नव्हे की जठरातले जंतू कुणाला दिसलेच नव्हते. इटलीतल्या बिझोझेरो नावाच्या शास्त्रज्ञाला १८९३ साली कुत्र्याच्या जठरात मळसूत्रासारखे पिळाचे जंतू दिसले होते. पण १९५४ साली अमेरिकेत पामर नावाच्या डॉक्टरांनी हजारांहून अधिक रोग्यांच्या जठराचे तुकडे तपासले आणि जाहीर केले, की असे जंतू काही सापडत नाहीत. झाले! मोठ्या माणसाने नाही म्हटले, लोकांनी शोधायचेच सोडले. जठरात एवढे जहाल आम्ल असताना तिथे जंतू जगेल कसा, हा प्रश्न विचारून विषय संपवला जाई. ग्रीसमधल्या मिसोलोंघी गावचे डॉक्टर लिकुदिस १९५८ पासून अल्सरच्या रोग्यांना जंतुनाशक औषधे देत होते आणि त्यांचे रोगी बरे होत होते. त्यांचे कुणी ऐकले नाही, उलट त्यांना दंड झाला. ऐकीव म्हणून खरे मानू नका, मोठ्याने सांगितले म्हणून खरे मानू नका, हे आपण या विहारात नेहमी ऐकतो. ते केवळ पोथीपुराणापुरते नाही. पुस्तकातल्या विज्ञानालाही ते लागू आहे.

मग हे कोडे सुटले कसे? ऑस्ट्रेलियात पर्थ नावाचे शहर आहे. तिथल्या रॉयल पर्थ इस्पितळात रॉबिन वॉरेन नावाचे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली जठराचे तुकडे तपासण्याचे काम करत. १९७९ साली त्यांना एका तुकड्यावर पिळाचे जंतू दिसले. त्यांनी आणखी तुकडे पाहिले. जिथे जंतू, तिथे दाह, असे त्यांना वारंवार आढळू लागले. सहकारी म्हणत, असेल काहीतरी. १९८१ साली बॅरी मार्शल नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्याबरोबर काम करू लागला. दोघांनी मिळून शंभर रोग्यांची तपासणी केली. त्यांतल्या ज्या १३ जणांना लहान आतड्याच्या तोंडाशी अल्सर होता, त्या तेराच्या तेरा जणांच्या जठरात हा जंतू होता.

पण जंतू काचेच्या बशीत वाढवून दाखवल्याशिवाय विज्ञान मानत नाही. तो काही वाढेना. बशीत दोन दिवसांत काही दिसले नाही, की ती फेकून द्यायची, असा प्रयोगशाळेचा रिवाज होता. १९८२ साली ईस्टरची सुटी आली आणि बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या. सुटीनंतर येऊन पाहतात तो काय, जंतू उगवलेला! तो सावकाश वाढणारा होता, आणि माणसे घाई करत होती. पुढे १९८९ साली त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी असे ठरले. नाव अवघड आहे. आपण आज त्याला एच. पायलोरी म्हणू, डॉक्टरही तसेच म्हणतात.

तरी लोक म्हणाले, दाह आधी झाला असेल, जंतू मागून येऊन बसला असेल. ही शंका रास्त होती. तिचे उत्तर द्यायला प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले, ते जमले नाहीत. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी स्वतःच्या जठराची दुर्बिणीने तपासणी करून घेतली. जठर चांगले होते. मग त्यांनी या जंतूंनी भरलेले पेय स्वतः पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. दहाव्या दिवशी पुन्हा दुर्बीण घातली, तर जठराला दाह आणि तिथे जंतू हजर. नंतर त्यांनी औषध घेतले. त्यांना अल्सर झाला नव्हता, हे खरे. पण निरोगी जठराला या जंतूने दाह होतो, हे त्यांनी स्वतःच्या पोटावर सिद्ध केले. असला प्रयोग कुणी करू नये आणि आज कुणी करूही देणार नाही. वॉरेन आणि मार्शल या दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वॉरेन २०२४ साली वारले.

आता तो जुना प्रश्न, की एवढ्या आम्लात हा जंतू जगतो कसा? त्याला शेपट्या असतात. त्यांच्या जोरावर तो गिरमिटासारखा अस्तरात घुसतो. शिवाय तो युरीएज नावाचा एक पदार्थ तयार करतो. आपल्या शरीरात युरिया असतो. त्याचे तुकडे करून हा जंतू अमोनिया बनवतो, आणि अमोनियाने आजूबाजूचे आम्ल मरते. म्हणजे आगीत राहायचे आणि आपल्यापुरते पाणी शिंपडत बसायचे. शरीराचे शिपाई, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, त्याला मारायला धावून येतात. पण तो अस्तरात दडलेला, त्यांच्या हाती पुरता लागत नाही. तो जात नाही आणि शिपाईही माघारी फिरत नाहीत. ही वर्षानुवर्षे चाललेली लढाई, तिचेच नाव जुनाट दाह.

मित्रहो, इथे आम्ही तुम्हाला घाबरवायला उभे नाही. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. हा जंतू जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या पोटात आहे. आपल्या देशात तर तो फारच पसरलेला आहे. ज्यांच्या पोटात तो आहे त्यांच्या जठराला थोडाफार दाह असतोच, पण बहुतेकांना जन्मभर काही त्रास जाणवत नाही. शंभरातल्या सुमारे दहा जणांना केव्हातरी अल्सर होतो. एक ते तीन जणांना, पुष्कळ वर्षांनंतर, जठराचा कॅन्सर होऊ शकतो. दाह फार वर्षे टिकला, की जठराची त्वचा झिजते, मग तिचे रूप बदलते, आणि काहींच्या बाबतीत त्यातून कॅन्सर उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ साली या जंतूला कॅन्सरला निश्चित कारण ठरणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातले. तंबाखूही त्याच गटात आहे. एका गटात म्हणून दोघांचा धोका सारखा, असे नाही. पुरावा पक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्या महाराष्ट्रात जंतू खूप असूनही जठराचा कॅन्सर त्या मानाने कमी आहे. तिकडे मिझोराममध्ये तो खूप जास्त आहे. तिथे धुरावलेले, खारवलेले खाणे आणि तंबाखू यांचीही भर पडते. म्हणजे जंतू एकटा सगळे करत नाही. पण जंतू काढला तर फरक पडतो का? पडतो. तैवानच्या मात्सू बेटांवर जठराचा कॅन्सर फार होता. तिथे २००४ पासून सगळ्या प्रौढ लोकांना तपासून औषध देण्याची मोहीम चालवली. ज्या बेटांवर शंभरात ६४ लोकांच्या पोटात जंतू होता, तिथे तो १५ वर आला आणि कॅन्सरचे प्रमाण निम्म्याहून खाली गेले. जपान सरकारने २०१३ साली जुनाट दाहाच्या रोग्यांना हा जंतू काढण्याचा उपचार सरकारी विम्यात दिला. अल्सर होईपर्यंत थांबायचे नाही, दाह असतानाच जंतू काढायचा, हा त्यामागचा विचार.

आता हा जंतू येतो कुठून? बहुधा लहानपणी, आणि बहुधा घरातूनच. तोंडातून तोंडात, उलटीतून, विष्ठेतून, दूषित पाण्यातून तो पसरतो. एका खोलीत आठ-दहा माणसे झोपतात, संडास पुरेसे नाहीत, पाणी दोन दिवसांनी येते आणि उघड्या पिंपात साठवावे लागते, तिथे तो जास्त. ज्या देशांत घरे, पाणी आणि संडास सुधारले, तिथे नव्या पिढीत हा जंतू आपोआप कमी झाला. जपानात म्हाताऱ्यांच्या पोटात तो पुष्कळांना आहे, पोरांच्या पोटात क्वचित. त्यासाठी कुणी पोरांना गोळ्या वाटल्या नव्हत्या. म्हणून आम्ही म्हणतो, नळाच्या पाण्यासाठी नगरपालिकेवर जो मोर्चा जातो, तो जठराच्या दाहावरचाही उपचार आहे. त्यात सगळ्यांनी यावे.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. घरात कुणाला हा जंतू निघाला, म्हणून त्याचे ताट-तांब्या वेगळे काढू नका. आईकडून आला, बायकोकडून आला, असे बोट दाखवू नका. वेगळे ताट, वेगळा पेला म्हणजे काय असते, हे आपल्या आजा-पणजांनी सोसले आहे. आजाराच्या नावाने ते आपल्याच घरात परत यायला नको. भांडी साबणाने स्वच्छ घासा. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. पिण्याचे पाणी झाकून ठेवा, शंका असेल तर उकळा. लहान बाळाला स्वतःच्या तोंडात चावलेला घास भरवू नका. एवढी काळजी घेतली की झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. आम्ही गिरणीत रिंग खात्यात काम करतो. साच्यावर एकाच बॉबिनचा धागा पुन्हा पुन्हा तुटत असेल, तर नवखा कामगार दर वेळी तो सांधत बसतो. जाणता कामगार दोनदा सांधेल आणि तिसऱ्यांदा पाहील, की ट्रॅव्हलर झिजला आहे का, रोलर खराब आहे का. पित्ताची गोळी म्हणजे धागा सांधणे. गोळी वाईट नाही, आराम देते. पण वर्षभर रोज सांधायची पाळी आली, तर मूळ कुठे आहे ते पाहायला नको का?

मूळ पाहायच्या तपासण्या आहेत. एक आहे श्वासाची. रोग्याला खूण केलेला युरिया प्यायला देतात. जंतू पोटात असला, की तो सवयीने युरियाचे तुकडे करतो आणि खूण केलेला वायू श्वासातून बाहेर येतो. जंतू ज्या हत्याराने जगतो, त्याच हत्याराने पकडला जातो. दुसरी आहे शौचाची तपासणी. तिसरी दुर्बिणीची, जिला एंडोस्कोपी म्हणतात. तोंडातून बारीक नळी घालून जठर पाहतात आणि छोटासा तुकडा काढून तपासतात. दुर्बिणीचे नाव काढले की लोक पळतात. ती काही मिनिटांची गोष्ट आहे, त्रास होतो, पण सोसण्यासारखा. सुई टोचून रक्ताची तपासणीही करतात, पण तिचा एक दोष आहे. जंतू मरून गेला तरी रक्तात त्याची खूण पुष्कळ दिवस राहते, म्हणून आज जंतू आहे की नाही हे ती नक्की सांगत नाही.

श्वासाची किंवा शौचाची तपासणी करण्याआधी आम्ल कमी करणारी ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल जातीची गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावी लागते. नाहीतर जंतू असूनही नाही असे उत्तर येते. पण डॉक्टरांना विचारूनच बंद करा. कुणाला अल्सर असतो, कुणाला हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असते, त्यांनी मनाने काही थांबवू नये.

जंतू निघाला तर उपचार बहुधा १४ दिवसांचा. आम्ल कमी करणारी गोळी आणि जोडीला दोन किंवा तीन जंतुनाशके, काही वेळा बिस्मथ नावाचे औषध. गोळ्या पुष्कळ असतात. तोंड कडू होते, मळमळते, जुलाब होतात. बिस्मथने शौच काळी होते, तिला घाबरायचे कारण नाही. या दिवसांत दारूला स्पर्श करायचा नाही. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर आधी सांगायचे.

इथेच आपली मंडळी घसरतात. चौथ्या दिवशी बरे वाटले की औषध बंद. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला, ‘तुलापण पोटाचा त्रास आहे ना, घे’. यात दोघांचे नुकसान आहे. अर्धवट मार खाल्लेला जंतू मरत नाही, शहाणा होतो. पुढच्या वेळी ते औषध त्याला लागू पडत नाही. आपल्या देशात जरा जुलाब झाले की लोक मेट्रोनिडाझोलची गोळी घेतात. त्यामुळे या जंतूवर त्या गोळीचा असर पुष्कळ ठिकाणी कमी झाला आहे. क्लॅरिथ्रोमायसिन या औषधाचीही तीच गत होत चालली आहे. म्हणून औषध पुरे १४ दिवस, वेळच्या वेळी. रात्रपाळी असेल तर वेळा डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा. जंतू गेला हे तपासणीने कळते, जळजळ थांबली एवढ्यावरून कळत नाही.

खरे तेही सांगतो. जंतू गेला म्हणजे प्रत्येकाची जळजळ थांबेलच, असे नाही. काहींचे आम्ल घशाकडे वर येते, ते दुखणे वेगळे. काहींच्या पोटात जंतू नसतोच. काही थोड्या लोकांत स्वतःचेच शरीर जठरावर उलटते. दारूनेही जठर बिघडते. आणि आपल्या कामगारांत एक कारण फार मोठे आहे, ते म्हणजे दुखण्याच्या गोळ्या. कंबर धरली, गुडघे दुखले, की डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. दिवसभर उभ्याचे काम, गोळीशिवाय पाळी निघत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण या गोळ्या जठराचे अस्तर दुबळे करतात. त्यात जंतू असला तर अल्सरचा आणि रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. तिखट, चहा, चिंता यांनी त्रास वाढतो हेही खरे. पण त्रास वाढवणारे वेगळे आणि मुळाशी असणारे वेगळे. ठेचा सोडून जंतू मरत नाही.

माता-भगिनींसाठी एक खास गोष्ट. जठराला वर्षानुवर्षे दाह असला, की अन्नातले लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व नीट अंगी लागत नाही. रक्तवाढीच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊनही रक्त वाढत नसेल, सारखा थकवा असेल, तर डॉक्टरांना विचारा, पोटात हा जंतू आहे का?

आणि काही खुणा अशा, की तिथे दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. डांबरासारखी काळी, चिकट शौच. उलटीतून रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही पडणे. एकाएकी पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ. अशा वेळी थेट इस्पितळ. कारण नसताना वजन उतरणे, घास गिळताना अडकणे, सारखी उलटी होणे, पन्नाशीच्या पुढे पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे, यांनाही लवकर दुर्बिणीची तपासणी हवी. तसेच छातीत दाब, दरदरून घाम, दम लागणे, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, याला ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पिऊन घरी बसू नका. ते हृदयाचे असू शकते. या एका समजुतीने चांगली चांगली माणसे गेली आहेत.

तुम्ही म्हणाल, हे सगळे खरे, पण पैसा? ज्यांचा कामगार विमा आहे, त्यांनी ई. एस. आय. चे कार्ड कपाटात ठेवून खाजगीत पैसे घालवू नयेत. पगारातून कपात होते, तो आपला हक्क आहे. ज्यांचा विमा नाही, त्यांच्यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तिथे रांग असते, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर पाठवतात, एक दिवसाचा खाडा पडतो. पण दहा वर्षे रोज घेतलेल्या गोळ्यांचा हिशोब मांडा आणि एका खाड्याशी ताडून पाहा.

आमची सूचना साधी आहे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने कागदावर लिहावे, की घरात कोण कोण पोटाची गोळी घेते, किती वर्षांपासून घेते आणि जोडीला दुखण्याची कोणती गोळी घेते. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि सरळ विचारावे, ‘साहेब, माझ्या पोटात एच. पायलोरी आहे का, तपासायचे का?’ विचारायला लाजू नका. ज्याला त्रास नाही त्याने आणि लहान पोरांच्या आईबापांनी उगाच तपासण्यांच्या मागे लागू नये. पण ज्याचे दुखणे वर्षानुवर्षांचे आहे, त्याने एकदा तरी मुळाशी जावे. ज्यांना एकट्याने इस्पितळात जायची भीती वाटते, फॉर्म भरता येत नाही, त्यांनी विहारात नाव नोंदवावे. आम्ही गिरणीतली चार-पाच माणसे पाळी सुटल्यावर तुमच्याबरोबर यायला तयार आहोत. रांगेत आम्ही उभे राहू.